रोप लावण्यापुरता कर्मचारी

पाच जूनचा पर्यावरण दिन जवळ आला की हिंजवडीच्या कंपन्यांत मेल फिरू लागतात. हिरवे टी-शर्ट वाटले जातात, बसगाड्या भरून मंडळी मुळशीतल्या एखाद्या टेकडीवर जातात. खड्डे आधीच खणलेले असतात. रोप लावायचे, फोटो काढायचा आणि जेवणाच्या वेळेला परत यायचे. ऐन मार्चमध्ये त्या रोपाला पाणी कोण घालणार, हे बसमधल्या बहुतेकांना ठाऊक नसते. येणाऱ्यांची तळमळ खरी असते, म्हणूनच ती एवढ्यावर संपवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

हिंजवडीचा पर्यावरणाचा प्रश्न टेकडीवर नाही, रस्त्यावर आहे. मुळशी तालुक्यातल्या या आयटी पार्कमध्ये काही लाख माणसे काम करतात आणि त्यातली कितीतरी रोज वाकडच्या पुलापासून गाडीत बसून खोळंबतात. सॉफ्टवेअर कंपनीला धुराडे नसते. तिचे उत्सर्जन मुख्यतः विजेतून आणि माणसांच्या ये-जा करण्यातून होते. हरितगृह वायूंच्या जागतिक हिशेबपद्धतीत अप्रत्यक्ष उत्सर्जनाचे १५ प्रकार आहेत, त्यातला सातवा कर्मचाऱ्यांच्या प्रवासाचा. ‘सेबी’ने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना शाश्वततेचा वार्षिक अहवाल सक्तीचा केला. प्रवासाचे उत्सर्जन ज्या रकान्यात येते, तो मात्र ऐच्छिक ठेवला.

कार्यालयात कोणत्या दिवशी बोलवायचे, पाळ्यांच्या वेळा किती पुढेमागे ठेवायच्या, कंपनीची बस कोणत्या वळणावर थांबवायची, हे ठरवताना रोज दीड-दोन तास रस्त्यावर काढणाऱ्याला कुणी विचारते का? त्याला नेमके ठाऊक असते की कोणता थांबा शंभर पावले अलीकडे आणला तर दहा जण आपली गाडी घरी ठेवतील. कोंडीविरोधात इथल्या कर्मचाऱ्यांनी आणि रहिवाशांनी स्वतः सह्यांची मोहीम चालवली आहे. लोक बोलायला तयार आहेत. कंपनीच्या बैठकीत त्यांना जागा नाही.

विजेचेही तसेच. वातानुकूलन यंत्राचे तापमान एका अंशाने वाढवले तर सुमारे ६ टक्के वीज वाचते, असे केंद्राचा ऊर्जा दक्षता ब्युरो सांगतो. तरी भर मे महिन्यात स्वेटर घालून बसलेली माणसे आयटी कार्यालयांत दिसतात, कारण तापमानाचे बटण त्यांच्या हाती नसते. जिथे आतल्या माणसांवर विश्वास टाकला, तिथे चित्र बदलले. हिंजवडीत मोठा परिसर असलेल्या इन्फोसिसने आपल्याच अभियंत्यांना कामाला लावून इमारतींचे आराखडे आणि शीतकरण तपासले. २००८ नंतर कंपनीचा माणशी वीजवापर निम्म्यावर आला आणि २०२० मध्ये ती कार्बन-तटस्थ झाली.

मुळशीतल्याच पिरंगुटच्या कारखान्यांत ही गोष्ट आणखी थेट आहे. दाबाखालच्या हवेच्या पाइपांतली गळती २० ते ३० टक्क्यांपर्यंत जाणे अनेक कारखान्यांत नवलाचे नाही. ती शोधायला रात्रपाळीचा ऑपरेटर पुरेसा असतो. यंत्रे थांबली की कुठे ‘सूं’ आवाज येतो, ते त्याला पाठ असते. तेलकट चिंध्या कुठे जातात, कुलंट कोणत्या नाल्यात सोडले जाते, कोणता पिंप उन्हात पडून आहे, हेही त्यालाच आधी कळते.

कारखान्यातल्या धोक्याची सर्वांत भीषण बाजू मुळशीने पाहिली आहे. ७ जून २०२१ रोजी पिरंगुटजवळच्या उरवडे इथे पाणी शुद्ध करण्याची रसायने बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली आणि १७ कामगार गेले. त्यात बहुतेक महिला होत्या. ज्या मालाजवळ माणूस दिवसभर उभा राहतो, तो कसा पेटतो हे त्याला कळलेच पाहिजे. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, कारखाने कायद्यात दुरुस्ती झाली ती याच जाणिवेतून. धोकादायक प्रक्रियेची माहिती कामगाराला देणे बंधनकारक झाले, धोका दिसताच इशारा देण्याचा हक्क त्याला मिळाला, आणि सुरक्षा समितीत कामगार व व्यवस्थापन यांचे प्रतिनिधी समसमान ठेवावेत असे ठरले. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली. सुरक्षा समितीची तरतूद तिच्यातही आहे.

पर्यावरणासाठी अशी समसमान समिती का नसावी? पाणी, वीज, कचरा आणि प्रवास यांचे महिन्याचे आकडे तिच्यापुढे यावेत आणि सूचना फेटाळली तर कारण लेखी द्यावे. तिच्यात कंत्राटी माणसेही हवीत. माण-मारुंजीच्या आसपास राहून या इमारतींची झाडलोट करणाऱ्या, ओला-सुका कचरा हातांनी वेगळा करणाऱ्या बायका कंपनीच्या हजेरीपटावर नसतात. टेकडीवर जाणाऱ्या बसमध्येही नसतात. कचऱ्याच्या पेटीत काय चुकते आहे, हे मात्र त्याच सांगू शकतील. छोट्या कारखान्यांना स्वतंत्र समिती जड जात असेल, तर पिरंगुट-उरवडे पट्ट्यासाठी एक सामाईक समिती नेमता येईल, आणि तिची पहिली बैठक पाच जूनची वाट न पाहता घेता येईल.