पाण्याचा मार्ग

अंबरनाथ पश्चिमेच्या बाजारपेठेत भेटवस्तूंच्या दुकानांतून काळ्या-पांढऱ्या वर्तुळाचे ‘यिन-यांग’ चिन्ह विकले जाते. दारावर लावले की भाग्य फळफळते, अशी समजूत. चीनच्या प्राचीन ताओमताशी आपला परिचय बहुधा एवढ्यावरच थांबतो. प्रत्यक्षात यिन आणि यांग म्हणजे डोंगराची सावलीची आणि उन्हाची बाजू. एकीवाचून दुसरी संभवत नाही, इतकाच त्याचा मूळ आशय.

लाओत्सेच्या नावे असलेल्या ‘ताओ ते चिंग’ या ८१ लहान प्रकरणांच्या ग्रंथात या मताचा गाभा आहे. ‘ताओ’ म्हणजे विश्वाचा अंगभूत, शब्दातीत क्रम. ‘ते’ म्हणजे त्या क्रमाशी सुसंगत राहिल्याने अंगी येणारे सत्त्व. आणि ‘वू-वेई’ म्हणजे सृष्टीवर बळजबरी न करता केलेले कर्म. साधेपणा, करुणा आणि नम्रता हे त्याचे आचारधर्म. आदर्श कोणाचा? पाण्याचा. ते सर्वांना जीवन देते आणि स्वतः सखल जागी विसावते.

हा विचार भारताला अपरिचित नव्हता. इ.स. ६४१च्या सुमारास पुलकेशीचा महाराष्ट्र पाहून गेलेल्या ह्युएनत्संगावरच ६४७ मध्ये या ग्रंथाच्या संस्कृत भाषांतराची जबाबदारी आली. कामरूपाचा राजा भास्करवर्मा याने तशी इच्छा प्रकट केली होती. ‘ताओ’साठी ‘बोधी’ हा शब्द योजावा, असा ताओपंथीयांचा आग्रह. ह्युएनत्संग मात्र ‘मार्ग’ या शब्दावर ठाम राहिला. परक्या विचाराला आपल्या शब्दाची झूल चढवू नये, हा त्याचा विवेक. ‘हे सारे आमच्याकडे होतेच’ असे म्हणून मोकळे होणाऱ्यांनी तो अवश्य ध्यानी घ्यावा.

आणि जे आपल्याकडे होते, त्याचे आपण काय केले? स्थानकाच्या पूर्वेस, वालधुनीच्या काठी, शके ९८२चा, म्हणजे इ.स. १०६०चा शिलालेख असलेले शिलाहारकालीन शिवमंदिर उभे आहे. पूर्वजांनी नदीकाठ पवित्र मानून देवालय उभारले. आपण त्याच नदीत कारखान्यांची रसायने आणि शहरांचे सांडपाणी सोडले. २०१४च्या नोव्हेंबरात या पात्रात ओतलेल्या रसायनांच्या वायूने उल्हासनगरात शेकडो नागरिकांना रुग्णालय गाठावे लागले.

येथे ‘वू-वेई’चा अर्थ नेमका समजून घ्यावा लागतो. यंत्रणांनी डोळेझाक करणे म्हणजे वू-वेई नव्हे. ती निव्वळ कर्तव्यच्युती. नदीला वाहण्यासाठी कोणाच्या उपकाराची गरज नसते, तिच्या उदरात विष ओतणारा हात तेवढा थांबला पाहिजे. तो थांबवण्यासाठी मात्र जागरूक समाज लागतो.

दारावरच्या चिन्हाने घराचे भाग्य उजळेल की नाही, हा श्रद्धेचा प्रश्न. वालधुनी निर्मळ झाली, तर अंबरनाथचे भाग्य निश्चित उजळेल.