सुंभ, पीळ आणि मार्टिन ली

'सुंभ जळला तरी पीळ जात नाही' ही म्हण सुपरहिरोंच्या व्हिडिओ गेममध्ये जवळजवळ नियमासारखी पाळली जाते. खलनायकाला बदडायचे, तुरुंगात टाकायचे आणि पुढच्या भागात त्याने तुरुंग फोडून पुन्हा हजर व्हायचे. इन्सॉम्नियॅक गेम्सचा 'मार्व्हल्स स्पायडर-मॅन 2' ऑक्टोबर 2023 मध्ये प्लेस्टेशन 5 वर आला आणि त्याने हा नियम मोडला. 2018 च्या पहिल्या भागात सारे न्यूयॉर्क हादरवून सोडणारा मार्टिन ली ऊर्फ मिस्टर निगेटिव्ह दुसऱ्या भागात बदलतो आणि अखेर ज्यांचे त्याने वाटोळे केले त्यांच्याच उपयोगी पडतो. ही सुधारणा न्यायाला धरून नाही, असा पूर्वपक्ष मांडता येतो. तो पोकळ नाही, म्हणूनच त्याला नीट उत्तर दिले पाहिजे.

लीचा गुन्हा लहान नाही. महापौर नॉर्मन ऑस्बॉर्नवरच्या सूडासाठी त्याने सिटी हॉलसमोरच्या समारंभावर हल्ला चढवला. त्या हल्ल्यात पोलीस अधिकारी जेफरसन डेव्हिस मारला गेला, आणि तोही आपल्या शौर्याचा सन्मान स्वीकारायला आलेला असताना. त्या वैराशी जेफरसनचे काहीच देणेघेणे नव्हते. नंतर स्वतःही स्पायडर-मॅन होणारा त्याचा मुलगा माइल्स मोरालेस तिथेच होता. पुढे हाच मुलगा दुःख थोडे हलके व्हावे म्हणून 'फीस्ट' या निराधारांच्या आश्रयगृहात काम करू लागतो, आणि ते आश्रयगृह उभारलेले असते मार्टिन लीनेच. इतकी कडवट गाठ लेखकांनी मारून ठेवल्यावर पूर्वपक्ष विचारतो, की अशा माणसाला सुधारलेला दाखवणे म्हणजे जेफरसनच्या मरणाची किंमत कमी करणे नव्हे काय?

नव्हे. या आक्षेपाने सुधारणा आणि क्षमा यांची गल्लत केली आहे. क्षमा करणे हा ज्याचे गेले त्याचा अधिकार, तर सुधारणे हे ज्याने नेले त्याचे काम. पहिले मिळो न मिळो, दुसरे करावेच लागते. दुसऱ्या भागात शिकारी क्रेव्हन माइल्स आणि ली या दोघांनाही पकडतो आणि एकमेकांसमोर उभे करतो. माइल्सच्या मनात सूड धगधगत असतो आणि तो सूड घेण्याची संधी त्याला आयती मिळालेली असते. इथे गेम हे माध्यम जे करू शकते ते कादंबरीला किंवा चित्रपटाला साधणार नाही. लीवर पडणारा प्रत्येक ठोसा खेळणाऱ्याने स्वतः बटण दाबून मारलेला असतो, त्याची शक्ती दाखवणारी पट्टी रिकामी होत जाते आणि हाताला त्याची चटक लागते. त्याच हाताला मग थांबावे लागते. माइल्स त्याला मारत नाही. पण या न मारण्याने लीचा हिशेब पुसला जात नाही, जेफरसन परत येत नाही आणि माइल्सचे पोरकेपणही संपत नाही. उलट ली जिवंत राहिला म्हणूनच त्याच्याकडून काही मागता येते. मेलेला गुन्हेगार कसलीच फेड करत नाही.

दुसरा आक्षेप उलट्या बाजूने येतो आणि मला तो अधिक धोक्याचा वाटतो, कारण तो दयाळू दिसतो. ली तर स्वतःच बळी होता, त्याने सुधारायचे ते काय, असे हा आक्षेप म्हणतो. लहानपणी ऑस्बॉर्नच्या ऑसकॉर्प कंपनीच्या प्रयोगशाळेत 'डेव्हिल्स ब्रेथ' नावाच्या उपचाराचा प्रयोग त्याच्यावर झाला, त्याच्यातून उसळलेल्या शक्तीने त्याचेच आईबाप ठार झाले, आणि तेव्हापासून ती काळी शक्ती त्याच्यात वस्तीला आहे. हे सारे खरे आहे. पण हीच शक्ती अंगात असताना त्याने 'फीस्ट' उभारले, पहिला स्पायडर-मॅन पीटर पार्कर याची काकू मे हिच्यासारख्या माणसांना सोबत घेऊन बेघरांना जेवू घातले. तोच माणूस, तेच दुखणे, आणि कामे दोन. म्हणजे निवडीला जागा होती. त्याला नुसता रोगी ठरवले तर त्याचे अपराध त्याचे उरत नाहीत, आणि मग आश्रयगृहाचे पुण्यही त्याचे उरत नाही. सुधारणेला अर्थ येतो तो अपराध आपला मानल्यावरच.

तिसरा आक्षेप खेळणाऱ्यांचा आहे. लीने सुधारायचे हे लेखकाने आधीच ठरवून टाकले, त्यात आमचा हात कुठे, असे ते म्हणतात. टेलटेल कंपनीच्या 'बॅटमॅन: द एनिमी विदिन' या 2017-18 मधल्या गेममध्ये जॉन डो जोकर म्हणून खलनायक होतो की बॅटमॅनसारखा गुन्हेगारांमागे लागणारा होतो, हे आपण त्याच्याशी कसे वागलो यावर ठरते. ती रचना सुंदरच आहे. पण तिच्यात एक खोट आहे. तिथे दुसऱ्याचे बदलणे हे आपल्या वागण्याचे बक्षीस होऊन बसते. लीच्या बाबतीत खेळणाऱ्याला ते श्रेय मिळत नाही आणि हे मला योग्य वाटते. माइल्सने हात आवरला, एवढेच माइल्सचे. पुढचे सगळे लीने करायचे.

एक उणीव मात्र मान्य केली पाहिजे. 'वाल्याचा वाल्मीकी झाला' असे आपण एका दमात म्हणतो आणि मधले वारूळ विसरतो. या गेमनेही वारुळाला वेळ दिलेला नाही. लीचा बदल घाईने उरकला आहे. त्यापेक्षा टूम्बस्टोन या जुन्या गुंडाचे छोटे चित्रण मला अधिक पटते. तो कोनी आयलंडच्या करमणूक उद्यानात साधी नोकरी करताना दिसतो. क्रेव्हनचे शिकारी तिथेही त्याला शोधत येतात, कारण क्रेव्हनच्या लेखी एकदा शिकार ठरलेला प्राणी कायम शिकारच. म्हणीतला पीळ नेमका खलनायकाच्याच तोंडी आला आहे, हे पूर्वपक्षाने लक्षात घ्यावे.

आणि घाईतही गेमने एक गोष्ट फार विचाराने केली आहे. 2008 च्या कॉमिक्समध्ये 'अँटी-व्हेनम' हे पात्र जन्मते ते लीच्या स्पर्शातूनच. तिथे ली एकेकाळी व्हेनम असलेल्या एडी ब्रॉकला बरे करतो, पण त्यातून काय उपजणार याची त्याला कल्पना नसते. गेममध्ये पीटर पार्करच्या अंगात सिम्बिओट या परजीवाचे काळे अवशेष उरले आहेत हे ली जाणतो आणि आपली शक्ती मुद्दाम त्यासाठी वापरतो. ज्या शक्तीने आईबाप गेले, जी त्याने माणसांची मने ताब्यात घेऊन त्यांना हल्ल्यांत ढकलण्यासाठी वापरली, तीच तो पीटरच्या अंगातले विष बाहेर काढायला लावतो, आणि माइल्स त्या वेळी त्याच्या शेजारी उभा असतो.