झाडावर चिकटवलेला कागद

दोस्तांनो, मांजरी म्हटलं की तुम्हांला काय आठवतं? पुण्याबाहेरच्या वाचकांना बहुधा मांजर! पण एखाद्या शेतकरी आजोबांना विचारा, ते म्हणतील, ‘मांजरी गोटा’. जांभळं, पांढऱ्या रेघांचं, गोल गरगरीत वांगं. भरून करायला त्याच्यासारखं दुसरं वांगं नाही (हे माझं मत, आईला विचारून पाहा). हडपसरच्या पुढचं, मुळा-मुठेच्या काठचं हे गाव. उसाचा अभ्यास करणारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथंच आणि द्राक्षांवर संशोधन करणारं राष्ट्रीय केंद्रही इथंच. मातीत काय लावावं, हे मांजरीला कुणी शिकवायला नको.

मग आज मांजरीची आठवण कशाला? तर त्या गावातल्या झाडांच्या बाबतीत एक गंमत झाली. ३० जून २०२१ रोजी २३ गावं पुणे महानगरपालिकेत आली. त्यांत मांजरी बुद्रुक होतं. नदीपलीकडचं मांजरी खुर्द मात्र त्या यादीत नव्हतं. बुद्रुकमधली माणसं तीच, झाडं तीच, पण झाडांचा कायदा बदलला!

ते कसं? सांगते. खेड्यातल्या खासगी जमिनीवरच्या झाडांसाठी १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे. त्याला १६ झाडांची एक यादी जोडली आहे. आंबा, फणस, चिंच, जांभूळ, साग, मोह, चंदन, खैर, हिरडा वगैरे. यांतलं झाड तोडायचं तर आधी परवानगी हवी. आता त्या यादीत वड शोधा. नाही सापडत! पिंपळ? नाही. कडुलिंब? तोही नाही. यादी करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे लाकूड, फळं, औषधं देणारी झाडं असावीत, असा माझा अंदाज. सावली काही बाजारात विकता येत नाही ना!

शहरातला कायदा निराळा. त्याचं नाव भलंमोठं आहे : महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. त्याला अशी निवडक झाडांची यादी नाही. वड असो की कडुलिंब, रस्त्यावरचा असो की तुमच्या स्वतःच्या अंगणातला, परवानगीवाचून कुऱ्हाड लावायची नाही. पालिकेत त्यासाठी ‘वृक्ष प्राधिकरण’ असतं आणि वृक्ष अधिकारी असतो. दर पाच वर्षांनी झाडांची मोजणी करायची, हेही या कायद्यात आहे. माणसांची शिरगणती दहा वर्षांनी आणि झाडांची पाच!

मला या कायद्यातली सगळ्यांत आवडलेली गोष्ट म्हणजे ‘झाड तोडणे’ या शब्दांचा अर्थ. झाड कापणं म्हणजे तोडणं, हे तर झालंच. पण झाड जाळणं आणि त्याला कुठल्याही प्रकारे इजा करणं, हेसुद्धा तोडण्यातच धरलं आहे. मग क्लासच्या जाहिरातीची पाटी खिळे ठोकून बुंध्यावर लावणाऱ्या काकांना काय म्हणायचं? किंवा बुंध्याशी रोज कचरा पेटवणाऱ्यांना? झाडाचं अन्न पानांत तयार होतं आणि सालीच्या आतल्या थरातून खाली मुळांकडे जातं. खिळा नेमका तिथंच घुसतो.

आता तो कागद. रस्त्यावरचं झाड तोडायचा प्रस्ताव आला, की वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते आणि एक नोटीस त्या झाडावरच चिकटवावी लागते. आपण त्याच्याकडे सिनेमाच्या पोस्टरइतकंही बघत नाही! पण तो कागद तुमच्या-आमच्यासाठीच असतो. कुणाची हरकत असेल तर कळवा, असं तो सांगतो. गाव शहरात आलं की रस्ते रुंद होतात, पाण्याच्या अन् ड्रेनेजच्या लाइनी येतात, त्यामुळे असे कागद वाढणारच. सगळ्याच झाडांना हरकत घ्यावी, असं मी म्हणणार नाही. वठलेलं, शाळेच्या वाटेवर झुकलेलं झाड काढावंच लागतं. अगदी अचानक धोका झाला तर आधी झाड काढून २४ तासांत अधिकाऱ्यांना कळवायची सोयही ठेवलेली आहे.

२०२१ मध्ये या कायद्यात मोठा बदल झाला. पन्नास किंवा त्याहून जास्त वर्षांचं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरलं. शिवाय जेवढं झाडाचं वय, तेवढी नवी झाडं लावायची, असं ठरलं. सत्तर वर्षांचा वड गेला तर सत्तर रोपं. तीही वीतभर नव्हेत, किमान सहा फुटी, आणि पुढे सात वर्षं सांभाळायची. हिशेब चांगला वाटतो, नाही? पण त्या वडाखाली उभी राहणारी भाजीची हातगाडी, वडाची फळं खायला येणारे तांबट आणि वटवाघळं यांनी सत्तर रोपं मोठी होईपर्यंत कुठं जायचं, हे गणितात बसत नाही. म्हणूनच वय बरोबर लिहिलं गेलं पाहिजे. उभ्या झाडाचं वय बुंध्याचा घेर मोजून अंदाजानं काढतात. तिथं गावातल्या आजीची आठवण उपयोगी पडते, किंवा झाडाखाली काढलेला एखादा जुना फोटो.

लावलेल्या रोपांचं काय होतं, तेही बघत जा. पावसाळ्यात खड्डा, रोप, टाळ्या! खरी परीक्षा मार्चपासून पुढे. रोप जगलं तरी लोखंडी जाळी तशीच राहते आणि बुंधा जाडावला की तीच त्याच्यात रुतते. बुंध्याभोवती गच्च सिमेंट किंवा पेव्हिंग ब्लॉक आले की मुळांना पाणी नाही आणि हवाही नाही. (हो, मुळंही श्वास घेतात!) दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ मध्ये झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तुमच्या गल्लीत पट्टी घेऊन एकदा मोजा.

आणि नोटीस दिसलीच, तर त्यावरची तारीख, झाडांची संख्या आणि तोडण्याचं कारण वहीत उतरवून घ्या. बुंध्याचा घेर छातीच्या उंचीवर मोजा. झाड कुठलं, कुणाच्या दारासमोर, त्यावर घरटी आहेत का, हे लिहा. फांद्या छाटून किंवा रस्त्याची कडा थोडी वळवून भागेल असं वाटत असेल, तर तेही लिहा. आई-बाबांची सही घ्या आणि मुदतीच्या आत वृक्ष अधिकाऱ्यांच्या कार्यालयात द्या. अर्जाची दुसरी प्रत जवळ ठेवा, तिच्यावर शिक्का आणि तारीख मारून घ्यायची. त्याला ‘पोहोच’ म्हणतात.