शुद्ध रक्ताची किंमत



पोर्तुगालच्या दक्षिणेला आल्गार्व नावाचा किनारा आहे. तेथील कोळ्यांच्या होडीवर पूर्वी माणसांबरोबर एक कुत्राही कामाला असे. मासे जाळ्याकडे हाकणे, पाण्यात पडलेले सामान ओढून आणणे, एका होडीवरून दुसरीवर निरोप पोचवणे ही त्याची कामे. हाच पोर्तुगीज पाणकुत्रा. नावावरून पाणमांजर आठवेल, पण हा अस्सल कुत्राच! उंची खांद्यापाशी सुमारे ४३ ते ५७ सेंटिमीटर, अंगावर कुरळ्या किंवा लाटदार केसांचा एकच थर आणि बोटांमध्ये कातडीचा पडदा. पोहताना मागचे पाय मोकळे राहावेत म्हणून कोळी त्याचे मागचे केस कापत आणि छातीवरचे उबेसाठी ठेवत.

पुढे मासेमारीची पद्धत बदलली, कुत्र्याचे काम गेले आणि त्याची संख्याही घटली. १९३०च्या दशकात व्हास्को बेन्साउदे या जहाजमालकाने थोडे कुत्रे जमवून त्यांची पैदास सुरू केली. २००९ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या घरी 'बो' नावाचा असाच कुत्रा आला आणि ही जात जगभर माहीत झाली. मग जात वाचली, असे म्हणायचे का?

माझ्या मते, अर्धीच वाचली. आजचे हे कुत्रे मोजक्याच पूर्वजांची संतती आहेत. पूर्वज थोडे असले की एखाद्याचे सदोष जनुक पुष्कळ वंशजांत पसरते. मेंडेलचा नियम आठवा. अप्रभावी दोषाचे वाहक असलेले नर आणि मादी वरवर निरोगी दिसतात, पण त्यांच्या प्रत्येक पिलाला रोग होण्याची शक्यता चारात एक असते. या जातीत मज्जासंस्थेचा 'जीएम-१' नावाचा असाच एक रोग आढळला. रोगी पिलू लहानपणीच दगावते.

आता जनुकाची चाचणी करून वाहक ओळखता येतात. "मग सगळे वाहक पैदाशीतून काढून टाका," असे कोणी म्हणेल. मला ते पटत नाही. वाहक काढले की त्यांच्यातली इतर चांगली जनुकेही जातील आणि आधीच लहान असलेला साठा आणखी आटेल. वाहकाची जोडी निरोगी, दोषमुक्त कुत्र्याशी लावावी. मग एकही पिलू या रोगाने आजारी पडणार नाही आणि विविधताही टिकेल.

'शुद्ध रक्त' हा शब्द ऐकायला गोड वाटतो. पण निसर्गात बळ येते ते विविधतेतून. तेव्हा एखादी जात वाचली असे कोणी सांगितले, तर नुसती डोकी मोजू नका. ती किती निरनिराळ्या पूर्वजांची आहेत, हेही विचारा. आणि हा प्रश्न डोकी पुष्कळ असतानाच विचारायला हवा. साठा एकदा आटला, की तो परत भरणे फार कठीण असते.