दुकानातला उजेड, घरातला उजेड

नवा टीव्ही घ्यायला निघालेले कुटुंब दुकानात शिरते तेव्हा समोरच्या भिंतीवर वीस-पंचवीस पडदे एकाच वेळी झगमगत असतात. सगळ्यांवर चित्रे तशीच: मोराचा पिसारा, पाण्यातले रंगीत मासे, रंगांची उधळण. आईला एक पसंत पडतो, मुलाला दुसरा, आणि वडील चष्मा सावरत किमतीची चिठ्ठी वाचत असतात. तेवढ्यात विक्रेता येतो आणि एलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी, ओएलईडी अशी नावे पाढे म्हटल्यासारखी म्हणून दाखवतो. पंधरा-वीस मिनिटांत चाळीस-पन्नास हजारांचा, कधी लाखाच्या वरचा व्यवहार ठरतो. साडी घेताना ती दुकानाच्या दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात पारखणारी गृहिणीसुद्धा टीव्ही मात्र दुकानातल्या दिव्यांखाली पसंत करून मोकळी होते.

वास्तविक टीव्हीच्या बाबतीतही सगळा खेळ उजेडाचाच आहे. पडद्यामागचा उजेड कुठून येतो आणि घरातला उजेड पडद्यावर कसा पडतो, या दोन गोष्टी समजल्या की विक्रेत्याच्या निम्म्या नावांचा धाक उरत नाही.

जुन्या काचेच्या चित्रनलिकेचे, म्हणजे पाठीमागे पोट असलेल्या टीव्हीचे, दिवस कधीच संपले. त्यानंतर आलेला प्लाझ्माही २०१४ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी बनवणे थांबवले. आज दुकानात असतात ते मुळात दोनच जातींचे संच. एक एलसीडी आणि दुसरी ओएलईडी. बाकीची नावे बहुतेक पहिल्या जातीचीच भावंडे आहेत.

‘एलईडी टीव्ही’ हे नावच जरा फसवे. त्याचा पडदा एलसीडीचाच असतो. या पडद्यातल्या द्रवरूप स्फटिकांना स्वतःचा उजेड नसतो. ती फक्त खिडकीच्या झडपांसारखी उघडझाप करतात आणि मागून येणारा प्रकाश कमीजास्त सोडतात. हा मागचा प्रकाश पूर्वी बारीक ट्यूबलाइटमधून येई, आता एलईडी दिव्यांतून येतो, एवढाच काय तो फरक. झडप कितीही घट्ट लावली तरी फटीतून थोडा उजेड झिरपतोच. म्हणून साध्या एलईडीवर रात्रीचे दृश्य काळेभोर न दिसता राखाडी दिसते. त्यातही दिवे कुठे बसवले आहेत यावर बरेच अवलंबून. पडद्याच्या फक्त कडेला दिवे असतील तर संच पातळ होतो, पण उजेड सगळीकडे सारखा पसरत नाही. दिवे पाठीमागे सर्वत्र असतील तर संच थोडा जाड, पण चित्र सहसा एकसारखे.

मिनी एलईडीमध्ये हेच पाठीमागचे दिवे अगदी बारीक आणि हजारोंच्या संख्येने असतात. त्यांचे गट करून गरजेप्रमाणे एकेक गट मंद करता येतो. त्यामुळे काळा रंग अधिक काळा होतो आणि उजळ भागही भरपूर उजळतो. मात्र काळ्या आकाशात चंद्र आला की त्याच्याभोवती किंचित धुरकट वलय दिसू शकते. गट जितके जास्त तितके हे वलय कमी. म्हणून विक्रेत्याला गटांची संख्या अवश्य विचारावी. ती त्याला ठाऊक नसेल तर माहितीपत्रक मागावे.

क्यूएलईडी म्हणजे एलसीडीच, पण निळ्या दिव्यापुढे अतिसूक्ष्म कणांचा एक थर जास्तीचा. या कणांना क्वांटम डॉट म्हणतात. निळा प्रकाश शोषून ते शुद्ध लाल आणि हिरवा प्रकाश देतात. या कणांच्या शोधाबद्दल मौंगी बावेंडी, लुई ब्रूस आणि अलेक्सी एकिमोव्ह या तिघांना २०२३ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. रंग खरोखरच खुलतात, यात शंका नाही. पण काळ्या रंगाची जुनी तक्रार या थराने मिटत नाही. शिवाय इंग्रजीत लिहिले की क्यू आणि ओ ही अक्षरे लांबून जवळजवळ सारखीच दिसतात, आणि एकाच्या जागी दुसरे समजून घरी आणणारी मंडळी कमी नसावीत.

ओएलईडीची गोष्ट खरोखर वेगळी आहे. १९८७ साली कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेतले चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी विजेवर उजळणाऱ्या सेंद्रिय पदार्थांच्या पातळ थरांवरचे काम प्रसिद्ध केले. त्याच तत्त्वावर हे पडदे चालतात. पाठीमागे दिवा नाहीच. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. ४के पडद्यावर असे सुमारे ८३ लाख ठिपके असतात. विझलेला ठिपका म्हणजे निखळ काळोख. रात्री दिवे मालवून सिनेमा पाहणाऱ्याला या चित्राची सर दुसऱ्या कशाला येत नाही. किंमत मात्र त्याच मापाच्या साध्या एलईडीच्या दुप्पट-तिपटीच्या घरात जाते.

मग पैसे असतील तर ओएलईडीच घ्यावा का? इथेच घराचा विचार करायला हवा.

आपल्याकडे टीव्ही ही एका माणसाची वस्तू नसते. आजोबा सकाळपासून बातम्या लावून बसतात. पडद्याच्या एकाच कोपऱ्यात वाहिनीचे बोधचिन्ह, खाली धावती पट्टी, दिवसाचे आठ-आठ तास. ओएलईडीचे ठिपके वापराने झिजतात, आणि जिथे तेच चित्र सतत राहते तिथे ते जास्त झिजून कायमची पुसट छाया उरू शकते. वॉरंटीत हा दोष बहुधा धरत नाहीत. शिवाय हे संच बंद केल्यावरही काही वेळ आतल्या आत ठिपक्यांची दुरुस्ती करतात आणि त्यासाठी त्यांना वीज लागते. रात्री झोपताना भिंतीवरचे बटण बंद करायची आपली चांगली सवय या संचाला नेमकी मारक ठरते. ज्या घरात बातम्यांचा रतीब आहे आणि बटण बंद केल्याशिवाय आजींना झोप येत नाही, त्या घराने एलसीडीच्या भावंडांतलेच एखादे निवडणे शहाणपणाचे.

दुसरी गोष्ट खिडकीची. टीव्हीच्या समोर गॅलरी असेल आणि दुपारचे ऊन थेट येत असेल, तर काळेभोर काळे काही दिसतच नाही. पडद्यात दिसतो तो गॅलरीचा कठडा आणि वाळत घातलेले कपडे. अशा खोलीत भरपूर उजेड देणारा मिनी एलईडी कामाचा. पडद्याची चमक ‘निट्स’ या मापात मोजतात. साधे एलईडी २५०-३०० निट्सच्या आसपास असतात, चांगले मिनी एलईडी हजाराच्या पुढे जातात. अर्थात जाड पडदा खिडकीला लावूनही बरेच काम भागते, हे दुकानात कोणी सांगत नाही!

तिसरी गोष्ट, कोण कुठे बसते. एलसीडीच्या पडद्यातही दोन प्रकार आहेत. व्हीए प्रकारात काळा रंग चांगला, पण बाजूने पाहिले की रंग फिके पडतात. आयपीएस प्रकारात कडेनेही रंग टिकतात, मात्र काळे जरा फिकट. दिवाणखाना लहान, पाचजण पसरून बसलेले, आणि गृहिणी स्वयंपाकघराच्या दारातून भाजी निवडता निवडता मालिका पाहते, अशा घरात समोरच्या कोचावरून सुरेख दिसणारे चित्र नेमके तिलाच धुवून निघाल्यासारखे दिसते. म्हणून दुकानात पडद्याच्या समोर उभे राहू नये. डावीकडे चार पावले सरकून पाहावे.

आकाराचा मोह तर सगळ्यांनाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांपेक्षा मोठ्या संचांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. म्हणजे करापूर्वी ५० हजारांचा संच ६४ ऐवजी ५९ हजारांना पडतो. वाचलेल्या पाच हजारांत लोक सरळ मोठा आकार घेतात. त्यापेक्षा त्याच आकारात चांगला पडदा घेतलेला बरा. दहा बाय बाराच्या खोलीत कोच आणि भिंत यांत फार तर आठ फूट अंतर उरते. इतक्या लांबून ४३ इंची पडद्यावर फुल एचडी आणि ४के यांतला फरक निरोगी डोळ्यालाही कळत नाही. ४३ इंचांच्या पुढे ४के आता बहुतेक संचांत मिळतेच. त्यासाठी वेगळे पैसे मोजण्याचे कारण नाही. ८के चा तर विचारही नको. घरात व्हिडिओ गेम खेळणारा मुलगा असेल तर १२० हर्ट्झच्या पडद्याचा उपयोग, एरवी ६० पुरे. ‘मोशन रेट’सारख्या नावाखाली छापलेला मोठा आकडा हा खरा आकडा असेलच असे नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

आता दुकानात जाताना काय करावे? रविवारची संध्याकाळ टाळून आडवारी जावे. विक्रेत्याकडून रिमोट मागून घ्यावा आणि भडक ‘व्हिव्हिड’ काढून ‘स्टँडर्ड’ किंवा ‘सिनेमा’ लावायला सांगावे. मोर ताबडतोब जरा शांत होतो. घरच्या लग्नाची चित्रफीत पेन ड्राइव्हमध्ये न्यावी. ओळखीच्या माणसांच्या चेहऱ्याचा रंग डोळ्याला पक्का माहीत असतो, मोराचा नसतो. एखादे अंधारे दृश्य लावावे. जमल्यास केबलवरची साधी, एचडी नसलेली वाहिनीही लावून पाहावी, कारण घरी पुष्कळ वेळ तीच चालणार आहे.

बिलावर मॉडेलचा पूर्ण क्रमांक लिहून घ्यावा. पडद्याची वॉरंटी किती वर्षांची, हे वेगळे विचारावे, कारण पडदा गेला तर दुरुस्तीचा खर्च नव्या संचाच्या जवळपास जाऊ शकतो. ऊर्जा बचतीच्या ताऱ्यांच्या पट्टीवर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेले असते, तेही वाचावे.

संच घरी येताना खोका उभाच आणावा, आडवा कधीही नाही. माणूस परत जाण्यापूर्वी तो लावून पांढरे आणि काळे चित्र पाहून घ्यावे. सुरुवातीला संच दुकानासाठी की घरासाठी असे विचारतो, तिथे घर निवडावे. पडदा पुसायला कोरडे, मऊ कापड घ्यावे. काचेवर मारायचा फवारा नको. आणि खोका लगेच रद्दीवाल्याला देऊ नये, निदान महिनाभर तरी माळ्यावर राहू द्यावा.