शेजाऱ्याचे घड्याळ

विद्यार्थी मित्रहो, भारताचा आराखडा-नकाशा तुम्ही अनेकदा भरला असेल. नद्या निळ्या, डोंगर तपकिरी. पण सीमारेषेपलीकडे काय असते? कोरा कागद! आसामातून आलेली ब्रह्मपुत्रा त्या रेषेशी येऊन एकदम थांबते. प्रत्यक्षात नदी तेथे थांबत नाही आणि वाराही थांबत नाही. थांबते ते आपले कुतूहल. शेजारी देश म्हटले की आपल्याला युद्धे, पूर आणि क्रिकेटचे सामने एवढेच आठवते. हा कोरा कागद भूगोलाच्या तासाला भरला गेला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. केवळ राजधान्यांच्या व पिकांच्या याद्यांनी मात्र तो भरणार नाही.

मी भौतिकी शिकवतो. एकदा वर्गात प्रमाणवेळेचा विषय निघाला असता, नेपाळचे घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटे पुढे असते, असे मी सांगितले. वर्गात हशा पिकला. “सर, १५ मिनिटांसाठी एवढा हट्ट कशाला?” एकाने विचारले. मी त्याला फळ्यापाशी बोलावले व गणित करावयास सांगितले. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते; म्हणजे एका अंशाला ४ मिनिटे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची. त्याला ४ ने गुणले की ३३० मिनिटे, म्हणजे ग्रिनिचच्या पुढे साडेपाच तास. नेपाळची वेळ १९८६ सालापासून गौरीशंकर शिखराच्या ८६.२५ अंश रेखावृत्तावरून ठरते. गुणाकार केला तर ३४५ मिनिटे, बरोबर पावणेसहा तास! हशा आपोआप थांबला.

याउलट चीनकडे पाहा. हा देश सुमारे ६० अंश रेखांशांवर पसरलेला आहे. सूर्याच्या हिशेबाने त्याच्या दोन टोकांत चार तासांचे अंतर पडते. तरी देशभर घड्याळ एकच, १२० अंशांचे. ल्हासा आहे ९१ अंशांजवळ. तेथे सूर्य माध्यान्ही येतो तेव्हा घड्याळात जवळजवळ दोन वाजलेले असतात! सूर्य तोच, पण दोन शेजाऱ्यांनी निर्णय मात्र वेगवेगळे घेतले. निसर्ग प्रश्न घालतो आणि उत्तर माणसे देतात, हे येथे ध्यानात घ्यावे.

असेच वाऱ्याचे. नैऋत्येकडून, अरबी समुद्रावरून येणारा वारा कोकणात धो धो पाऊस आणतो. म्हणून तेथील घरांची छपरे उतरती व वळचणी पुढे आलेल्या असतात. सिंधमधील हैदराबाद शहराकडेही वारा त्याच समुद्रावरून येतो. पण तेथे पाऊस अगदी थोडा व उन्हाळा कडक. म्हणून तेथील लोकांनी घराघरांच्या धाब्यावर नैऋत्येकडे तोंड केलेली वाताकर्षके उभारली. समुद्राकडचा वारा त्यांतून थेट खोल्यांत उतरे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील छायाचित्रांत त्यांच्या रांगाच्या रांगा दिसतात. आता ती फारशी उरलेली नाहीत. वाऱ्याबरोबर येणारे पाणी एकाने घराबाहेर ठेवले, दुसऱ्याने वाराच घरात घेतला. दोघांचेही शहाणपण सारखेच!

बांगलादेश म्हणजे पूर, असे आपण धरून चालतो. पण तेथील गोपालगंज, बारिसाल, पिरोजपूर या भागांतील शेतकरी पाण्यावरच भाजी पिकवतात. जलपर्णीचे थर एकावर एक रचून ते तरंगते वाफे तयार करतात. पाणी चढले की वाफाही वर चढतो. पाठ्यपुस्तकातील आर्किमिडीजचे तत्त्व येथे चक्क शेती करते! संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१५ साली या पद्धतीचा जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात समावेश केला. आपल्या नद्या गुदमरवणारी जलपर्णी ती हीच.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. सगळ्याच चालीरीती हवापाण्यावरून उलगडत नाहीत. एप्रिलच्या मध्याला सूर्य मेष राशीत प्रवेश करतो, असे आपली पंचांगे मानतात. त्या सुमारास नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका व म्यानमार या चारही देशांत नववर्ष येते. श्रीलंकेत सिंहली आणि तमिळ घरांत दूध उतू जाऊ देतात, म्यानमारमध्ये एकमेकांवर पाणी उडवतात, ढाक्यात मुखवट्यांची मिरवणूक निघते. सूर्याचे स्थान गणिताने काढता येते. पण दूध का आणि पाणी का, हे त्या लोकांचा धर्म, भाषा व इतिहास यांनाच विचारावे लागते. भूगोल आपल्याला त्यांच्या दारापर्यंत नेतो. पुढे ऐकून घ्यावे लागते.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. वर्षातून चार तास चार शेजाऱ्यांना द्या. मुलांना वहीत तीन रकाने आखायला सांगा : निसर्गाने काय दिले, त्यांनी काय केले, आपण काय केले. ज्याचे कारण सापडणार नाही तेथे प्रश्नचिन्ह काढू द्या. असे प्रश्नचिन्ह म्हणजे चूक नव्हे. पुढच्या अभ्यासाची ती सुरुवात होय.

आणि मित्रहो, शेजाऱ्याची एखादी रीत पाहून हसू आले, तर हसण्याआधी एक गुणाकार करून पाहा. पुढच्या वेळी नकाशा भरताना ब्रह्मपुत्रेला सीमेवर थांबवू नका. तिला समुद्रापर्यंत जाऊ द्या.