साडेबारा फेऱ्यांची लक्ष्मणरेषा

बर्फावरून धावण्याच्या शर्यती हा काही मराठी वाचकाच्या नित्य परिचयाचा विषय नव्हे. पायात लांब पोलादी पात्यांचे बूट घालून, कमरेत वाकून, चारशे मीटरांच्या लंबवर्तुळाकार बर्फाळ मार्गावर एका वेळी दोन खेळाडू धावतात, असे या खेळाचे स्वरूप आहे. त्याला स्पीड स्केटिंग म्हणतात. हॉलंड आणि नॉर्वे या देशांत त्याचे वेड आपल्याकडील क्रिकेटच्या वेडाला शोभेल असे आहे. या खेळाची आठवण आज करण्याचे कारण असे की, न्यायाची इतकी बारकाईने काळजी घेणारा आणि त्याच वेळी एका ढळढळीत अन्यायाकडे इतकी वर्षे कानाडोळा करणारा दुसरा खेळ क्वचितच सापडेल.

आधी न्यायाची बाजू पाहू. मार्गावर दोन लेन असतात. आतल्या लेनचे वळण छोटे, बाहेरच्या लेनचे मोठे. एकाच खेळाडूला सतत आतली लेन मिळाली तर त्याचे अंतर कमी भरेल. म्हणून प्रत्येक फेरीत ठरलेल्या सरळ पट्ट्यावर दोघांनीही लेन बदलायची, असा नियम आहे. आतला बाहेर जातो, बाहेरचा आत येतो आणि दोघांच्या वाट्याला सारखेच अंतर येते. हा नियम किती कठोरपणे पाळला जातो याचे उदाहरण २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये जगाने पाहिले. दहा हजार मीटरांच्या शर्यतीत हॉलंडच्या स्वेन क्रामरने सर्वांत कमी वेळ नोंदविला होता; परंतु प्रशिक्षकाच्या चुकीच्या इशाऱ्यामुळे तो भलत्याच लेनमध्ये शिरला होता. तो बाद ठरला आणि सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या ली सुंग-हूनकडे गेले.

एवढ्यावरही या खेळाच्या धुरिणांचे समाधान झाले नाही. पाचशे मीटरांच्या शर्यतीत शेवटचे वळण ज्याला आतल्या लेनमधून घ्यावे लागते, त्याला भरवेगात ते अरुंद वळण जड जाते आणि सेकंदाच्या काही शतांशांचा तोटा होतो, असे नॉर्वेचे संख्याशास्त्रज्ञ निल्स लिड योर्त यांनी आकडेवारीनिशी दाखवून दिले. तेव्हा १९९८ च्या नागानो ऑलिंपिकपासून ही शर्यत प्रत्येकाने दोनदा, एकदा या लेनमधून आणि एकदा त्या लेनमधून, धावावी असे ठरले. २०१४ पर्यंत ती पद्धत चालू राहिली. सेकंदाच्या शतांशासाठी शर्यतच दुप्पट करणाऱ्या या मंडळींच्या न्यायबुद्धीचे कौतुकच करायला हवे.

आता दुसरी बाजू. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची सर्वांत लांब जोडीची शर्यत दहा हजार मीटरांची, म्हणजे पंचवीस फेऱ्यांची असते. स्त्रियांची पाच हजारांची असते. साडेबारा फेऱ्या झाल्या की स्त्रीने थांबायचे. सांघिक शर्यतीतही, २००६ साली ती ऑलिंपिकमध्ये आली तेव्हापासून, पुरुषांना आठ फेऱ्या आणि स्त्रियांना सहा. ही लक्ष्मणरेषा कोणी आखली, कोणत्या आधारावर आखली, हा प्रश्न विचारला की उत्तर मिळते ते परंपरेचे. म्हणून त्या परंपरेकडेच एकदा नीट पाहायला हवे.

आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटना १८९२ साली हॉलंडमध्ये स्थापन झाली. पुढच्याच वर्षी अ‍ॅमस्टरडॅममध्ये पुरुषांची अधिकृत जागतिक स्पर्धा झाली आणि याप एडन जगज्जेता ठरला. १९२४ साली शामोनी येथे पहिले हिवाळी ऑलिंपिक भरले, तेव्हा त्यातले अगदी पहिले सुवर्णपदक स्पीड स्केटिंगचेच होते. परंतु या शर्यतींत स्त्रियांना प्रवेश नव्हता. १९३२ साली लेक प्लॅसिडला स्त्रियांच्या शर्यती झाल्या त्या केवळ प्रात्यक्षिक म्हणून. त्यांतली दीड हजार मीटरांची शर्यत अमेरिकेच्या किट क्लाइनने जिंकली. १९३६ साली स्टॉकहोमला स्त्रियांची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा झाली, तेव्हा हीच किट क्लाइन जगज्जेती ठरली. पण त्याच वर्षीच्या ऑलिंपिकमध्ये तिच्यासाठी एकही शर्यत नव्हती! जगातील सर्वश्रेष्ठ म्हणून मान्यता पावलेल्या स्त्रीला जगाच्या सर्वांत मोठ्या क्रीडामेळाव्यात उतरण्याची मुभा नव्हती. पुरुषांनंतर तब्बल छत्तीस वर्षांनी, १९६० साली स्क्वॉ व्हॅली येथे, हे दार उघडले.

दार उघडल्यावर काय घडले? पूर्व जर्मनीची हेल्गा हासे पाचशे मीटरांत पहिली आली आणि ऑलिंपिक सुवर्ण मिळविणारी या खेळातील पहिली स्त्री ठरली. उरल पर्वतातील झ्लाटौस्ट या पोलादाच्या गावी जन्मलेल्या लिडिया स्कोब्लिकोव्हाने त्या वर्षी दोन सुवर्णपदके घेतली. चार वर्षांनी इन्सब्रुकला स्त्रियांच्या चार शर्यती होत्या. त्या चारही तिनेच, लागोपाठच्या चार दिवसांत जिंकल्या. आणखी शर्यती असत्या तर तिने काय केले असते, हे सांगता येणार नाही, कारण त्या ठेवल्याच नव्हत्या. पुरुषांची एरिक हायडेनने १९८० साली पाचशेपासून दहा हजारांपर्यंत पाच सुवर्णपदके मिळविली, तो पराक्रम जगाने डोक्यावर घेतला आणि ते योग्यच झाले. पण तसा पराक्रम करून दाखविण्याची संधी स्कोब्लिकोव्हाच्या पिढीला नियमानेच नाकारली होती, याची आठवण कोण काढतो?

या इतिहासातील सर्वांत उद्बोधक गोष्ट निराळीच आहे. सोव्हिएत युनियनच्या मारिया इसाकोव्हाने १९४८, १९४९ आणि १९५० अशी लागोपाठ तीन वर्षे जागतिक अजिंक्यपद मिळविले. त्या काळी स्त्रियांच्या जागतिक स्पर्धेत पाच हजार मीटरांची शर्यत होती. १९५०नंतरच्या दशकात ती वगळण्यात आली आणि १९८३ साली पुन्हा आली. ऑलिंपिकमध्ये ती येण्यासाठी १९८८ चे कॅलगरी उजाडावे लागले. म्हणजे जे अंतर इसाकोव्हाची पिढी धावत होती, ते तिच्या लेकींच्या पिढीला झेपणार नाही असे ठरविले गेले आणि पुढच्या पिढीला ते पुन्हा झेपू लागले. स्त्रीचे शरीर तीस वर्षांत दोनदा बदलत नसते. बदलत होते ते नियम करणाऱ्यांचे मत. अ‍ॅथलेटिक्समध्येही हेच घडले आहे. १९२८ साली स्त्रिया ऑलिंपिकमध्ये आठशे मीटर धावल्या आणि त्यानंतर १९६० पर्यंत ती शर्यत त्यांच्यापासून काढून घेण्यात आली. मिळालेला हक्क परत घेतला जाऊ शकतो, हा धडा समतेच्या चळवळीतील प्रत्येकाने लक्षात ठेवावा असा आहे.

‘झेपणार नाही’ हा शब्दप्रयोग आपल्या घराघरांत ओळखीचा आहे. मुलीला शहरात शिकायला पाठवायचे असो की रात्रपाळीची नोकरी असो, हे दोन शब्द काळजीच्या सुरात उच्चारले जातात आणि निर्णय मात्र तिला न विचारता होतो. बर्फाच्या देशांतही याहून वेगळे काही झालेले नाही.

मग प्रत्यक्ष पुरावा काय सांगतो? १९८० साली हायडेनने दहा हजार मीटरांत १४ मिनिटे २८.१३ सेकंदांचा जागतिक विक्रम केला. २००७ च्या मार्च महिन्यात चेक प्रजासत्ताकाच्या मार्टिना साब्लिकोव्हाने कॅलगरी येथे तेच अंतर १३ मिनिटे ४८.३३ सेकंदांत पार केले. पुरुषांच्या एकेकाळच्या विक्रमाहून ही वेळ जवळजवळ चाळीस सेकंदांनी कमी आहे. हायडेन उघड्या मैदानावर धावला होता, तर साब्लिकोव्हाला छताखालचे बर्फ, उंचावरची विरळ हवा आणि सुधारित स्केट्स लाभले होते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तिने हायडेनला हरविले असा दावा कोणी करीत नाही. पण पंचवीस फेऱ्या स्त्रीच्या आवाक्याबाहेर आहेत, हा दावाही त्या दिवशी निकालात निघाला. विशेष म्हणजे तिच्या देशात त्या काळी लांब पल्ल्याच्या स्केटिंगचे एकही बंदिस्त मैदान नव्हते. सरावासाठी परदेशी जाऊन या मुलीने २०१० साली ऑलिंपिकमध्ये तीन हजार आणि पाच हजार अशा दोन्ही शर्यती जिंकल्या. दहा हजारांत तिने काय केले असते, हे पाहण्याची सोय मात्र ऑलिंपिकने ठेवली नव्हती.

हॉलंडमधील फ्रीसलंड प्रांतात, कालवे पुरेसे गोठले तर, अकरा गावांना जोडणारी सुमारे दोनशे किलोमीटरांची शर्यत होते. १९८५ साली तिच्यात स्त्रियांमध्ये लेनी व्हान डर होर्न पहिली आली. १९९७ साली क्लासिना साइनस्ट्रा पहिली आली. गोठलेल्या कालव्याने बाई आहे म्हणून त्यांचे अंतर कमी केले नव्हते. आणि स्वतः ऑलिंपिकचेच उदाहरण घ्यायचे तर २०१८ पासून तिथे सर्वांनी एकत्र धावण्याची जी नवी शर्यत आली, तिच्यात स्त्रियांना आणि पुरुषांना सारख्याच सोळा फेऱ्या आहेत. सोळा फेऱ्या म्हणजे सहा हजार चारशे मीटर. साडेबारा फेऱ्यांची रेषा अशा रीतीने संघटनेने स्वतःच ओलांडली आहे. तरीही जोडीच्या शर्यतीत ती तशीच कायम आहे. याला तर्क म्हणावे की सवय?

स्त्रिया या खेळात मागून चालत आल्या, असेही म्हणता येणार नाही. टाचेपाशी सुटे होणारे आणि पाऊल उचलतानाही बर्फाला चिकटून राहणारे क्लॅप स्केट अ‍ॅमस्टरडॅमच्या विद्यापीठात गेरिट यान व्हान इंगन स्खेनाउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केले. नामवंत खेळाडू बरीच वर्षे ते हातात घेण्यास तयार नव्हते. वरिष्ठ पातळीवर ते आधी स्वीकारले हॉलंडच्या स्त्रियांनी. १९९७ च्या जानेवारीत टॉनी डी याँगने ते वापरून युरोपीय अजिंक्यपद जिंकले. त्यानंतर पुरुषही त्यांच्याकडे वळले आणि वर्षभराने नागानोत जुने स्केट जवळजवळ दिसेनासे झाले. नवे तंत्र प्रथम अंगावर घेऊन पाहण्याचे धाडस ज्यांच्याकडे होते, त्यांनाच लांब अंतराचे धाडस नाकारणे हे विपरीत नव्हे काय?

या मागणीवर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की इतके अंतर धावू शकणाऱ्या स्त्रिया थोड्याच देशांत आहेत. पण पुरुषांच्या दहा हजारांतही ऑलिंपिकमध्ये बाराच खेळाडू उतरविले जातात आणि त्यांत दोनचार देशांचाच वरचष्मा असतो. शिवाय जी शर्यतच नाही तिची तयारी कोणती मुलगी करील? कोणता प्रशिक्षक तिच्यासाठी वेळ काढील, कोणते सरकार तिला शिष्यवृत्ती देईल? संधी नाकारायची आणि नंतर तयारी नाही म्हणून बोट दाखवायचे, ही युक्ती दलितांना आणि कामगारांना शिक्षण नाकारणाऱ्यांनी पूर्वीच वापरून झिजविली आहे.

दुसरा आक्षेप असा की दहा हजारांची शर्यत कंटाळवाणी असते, दूरचित्रवाणीला ती नको असते. तेव्हा समताच हवी तर पुरुषांचीही ती बंद करावी. हा आक्षेप अधिक धोक्याचा आहे, कारण तो समतेचे नाव घेऊन येतो. विहीर सर्वांना खुली करा म्हटले की विहीर बुजवून टाकायची, अशातला हा प्रकार. पंचवीस फेऱ्या एका लयीत मारणाऱ्या माणसाची चिकाटी पाहणे हा या खेळाचा जुना आनंद आहे. १९५२ साली ऑस्लोत याल्मार आंदेर्सन नावाच्या एका ट्रकचालकाने हीच शर्यत चोवीस सेकंदांहून अधिक फरकाने जिंकली, ती नॉर्वेच्या सामान्य माणसाने आपली मानली. तो आनंद जाहिरातदारांच्या घड्याळाला विकण्याचे कारण नाही.

इतर खेळांनी पाऊल उचलले आहे. स्त्रियांची दीड हजार मीटर पोहण्याची शर्यत २०२१ मध्ये भरलेल्या टोकियो ऑलिंपिकात आली. बर्फावरील लांब पल्ल्याच्या स्कीइंगमध्ये २०२२ साली स्त्री-पुरुषांची अंतरे समान करण्याचा निर्णय झाला आणि २०२५ साली ट्रॉनहाइमच्या जागतिक स्पर्धेत स्त्रिया पन्नास किलोमीटर धावल्या. आकाश कोसळले नाही.

प्रत्येक स्त्रीने पंचवीस फेऱ्या माराव्यात असे कोणीच म्हणत नाही. प्रत्येक पुरुषही त्या मारीत नाही. मारायच्या की नाहीत हे जिने ठरवायचे तिला ते ठरवू द्यावे, एवढेच मागणे आहे. दर फेरीला लेन बदलून दोघांचे अंतर सारखे करण्याची युक्ती ज्या खेळाने शोधली, त्याला हे मागणे समजायला इतका वेळ लागावा, याचे आश्चर्य वाटते. आंतरराष्ट्रीय स्केटिंग संघटनेने आपल्या पुढच्या अधिवेशनात स्त्रियांची दहा हजार मीटरांची शर्यत जागतिक स्पर्धेत आणावी आणि ऑलिंपिकसाठीही ती मागावी.